बेचिराख गावांचा हिशेब

शहरातील तरुण लेखक, चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटाच्या क्षेत्रात धडपडणारी मंडळी यांच्यात गेल्या काही वर्षांपासून एक नवी ओढ दिसू लागली आहे. हमरस्ता सोडायचा, पांदणीच्या किंवा जंगलातल्या गाडीवाटेने आत शिरायचे, ओस पडलेली घरे, ढासळलेल्या भिंती, झाडाझुडपांत हरवलेली विहीर शोधून काढायची आणि त्या एकान्तातून आपल्या निर्मितीसाठी काही स्फुरण घेऊन परतायचे, असा हा क्रम असतो. गोंदिया जिल्हा अशा भटकंतीला फार सोयीचा आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि नागपूर-रायपूर राजरस्ता या दोन रेषा सोडल्या, की सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत तळ्यांच्या पाळीवरून, धानाच्या बांध्यांमधून आणि सागाच्या रानातून जाणाऱ्या वाटांचे मोठे जाळेच पसरलेले आहे.

चळवळीत काम करणाऱ्या माणसाची या हौसेवरची पहिली प्रतिक्रिया बहुधा तुच्छतेची असते. ज्यांची पोटे भरली आहेत त्यांचे हे चोचले, असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाला ही प्रतिक्रिया उथळ वाटते. ज्या देशात बुद्धिजीवी माणूस हमरस्त्याच्या कडेला दिसणाऱ्या पाट्यांवरून खेड्याविषयी मते बनवितो, त्या देशात कोणी आपण होऊन आडवाटेला लागत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. विचारायचा प्रश्न दुसराच आहे. आडवाटेने गेलेला हा माणूस परत येताना काय घेऊन येतो? नुसती हुरहूर घेऊन येतो, की ते गाव ओस का पडले याचा हिशेबही घेऊन येतो?

प्रथम शब्दाकडे पाहू. ओसाड गावाला आपण ‘बेचिराख’ म्हणतो. हा शब्द ऐकताना मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जळून राख झालेली वस्ती उभी राहते. वास्तविक या शब्दात राखेचा काही संबंध नाही. हा फारसी शब्द आहे आणि त्यात ‘चिराग’ आहे. बेचिराख म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते गाव. महसुली दप्तरात शब्द आला तो याच अर्थाने. गाव असते, त्याची शीव असते, त्याचे क्षेत्र मोजलेले असते, त्यावर आकारणीही असते. परंतु सायंकाळी दिवा लावायला माणूस नसते. विदर्भात अशा जागेला रिठ किंवा रिठी म्हणतात, आणि कित्येक गावांच्या नावापुढे तो शब्द आजही लिहिला जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ४३ हजार ६०० गावांपैकी सुमारे २ हजार ७०० गावे निर्जन म्हणून नोंदली गेली आहेत. ही संख्या सरकारी दप्तरातील आहे. म्हणजे शासनाला या गावांचे अस्तित्व मान्य आहे. फक्त ती का विझली हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नाही.

हा रकाना भरण्याचे काम अर्थशास्त्राचे आहे. आम्ही अर्थशास्त्राचे शिक्षक वर्गात ‘स्थलांतर’ हा एक शब्द फळ्यावर लिहून त्याखाली दोन बाण काढीत असू, एक ढकलणारा आणि एक ओढणारा. फळ्यावर ते नीटनेटके दिसते. परंतु गोंदियाच्या आडवाटांवर एकेका जागेचा इतिहास विचारीत गेले, तर ढकलणारे हात अनेक आढळतात आणि त्यांच्यावर निरनिराळ्या काळाचे शिक्के असतात.

पहिला शिक्का दुष्काळाचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून काढला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता. तो वेगळा झाला १९९९ साली. जुन्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ७ लाख ४३ हजार होती, ती १९०१ साली सुमारे ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती दहा टक्क्यांहून अधिक घटली. त्यानंतर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या प्रांताला पुन्हा झोडपले. आकड्यांत ही घट सरासरीने दिसते, पण मरण सरासरीने येत नाही. मोठे गाव खचते तरी तगून राहते. दहा-पंधरा घरांच्या टोल्यातली चार घरे गेली, की उरलेली माणसे मोठ्या गावाच्या आश्रयाला जातात आणि टोला रिठी होतो.

दुसरा शिक्का जंगलाचा. १८७८ च्या वन कायद्याने सरकार देशभरच्या जंगलांभोवती रेषा आखू लागले. त्या रेषेच्या आत सापडलेल्या माणसांची चराई, लाकूडफाटा आणि फिरती शेती हे सारे हक्क एका रात्रीत सवलती झाले. हक्काची सवलत झाली, की ती काढून घेता येते. आणि ती काढून घेतली, की घर सोडण्यासाठी कोणी हुकूम द्यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट तळ्यांची, आणि तिच्याकडे आपण समाजवाद्यांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. भंडारा-गोंदिया हा तळ्यांचा मुलूख. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने येथे शेकडो तळी आणि बोड्या बांधल्या. सात टेकड्यांच्या कुशीतला नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे, आणि लोकांनी या बांधकाम करणाऱ्या माणसाला कोलासूर देव करून टेकडीवर बसविले. पाणी अडविणाऱ्याला देवत्व देणारा हा समाज होता. पुढे ही तळी मालगुजारांच्या ताब्यात गेली. मालगुजारी ही शोषणाची व्यवस्था होती आणि १९५१ साली ती गेली हे योग्यच झाले, याविषयी दुमत नसावे. परंतु तळ्यांची मालकी मालगुजाराकडून निघाली ती गावाकडे न येता सरकारकडे गेली. पाळ फुटली तर सारा गाव टोपल्या घेऊन धावण्याची जी रीत होती, ती मालगुजाराच्या दडपणाखाली चालत होती हे खरे. पण त्या दडपणाच्या जागी गावाची स्वतःची सत्ता उभी करावयाची होती, ती आपण केली नाही. गाळ साचत गेला, पाणी सोडण्याची तोंडे बुजली, तळ्यात बेशरम माजली. धानाचे एकच पीक, तेही बेभरवशाचे. आणि तळे आटले की ढिवरांची मासळीही गेली. मग कापणी आटोपताच माणसे नागपूरकडे, रायपूरकडे, हैदराबादकडे, विटांच्या भट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर निघू लागली. अशी गावे जनगणनेत बेचिराख ठरत नाहीत. वर्षातले काही महिने मात्र तेथे अनेक घरांना कुलूप असते आणि ओसरीवर म्हातारी माणसे बसलेली असतात. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ साली पुढे आणला. ज्या टोल्यातील शाळा जाईल, त्या टोल्यातील तरुण कुटुंब किती काळ राहील, याचा अंदाज बांधण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

चौथा शिक्का अगदी अलीकडचा. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्या सुमारास नवेगाव उद्यानातील कालीमाटी, कवलेवाडा आणि झनकारगोंदी ही तीन गावे हलविण्यात येऊन सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे वसविण्यात आली. नव्या वस्तीतील उणिवांविरुद्ध या लोकांनी पुढे आवाज उठविला, मूळ गावी परत जाण्याचा पवित्राही घेतला. वाघ वाचला पाहिजे, याबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. पण वन हक्क कायद्याच्या कलम ४(२) मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्याखेरीज माणसे हलवू नयेत. सोयी आधी आणि माणसे नंतर, हा क्रम कायद्याने घालून दिलेला आहे. व्यवहारात तो किती वेळा पाळला जातो, हे पुनर्वसित वस्तीत जाऊनच पाहावे लागते. आणि नेमक्या याच ठिकाणी आपला आडवाटेचा प्रवासी जात नाही. रानातले रिकामे गावठाण त्याला खुणावते. ज्या सिमेंटच्या घरांत त्या गावाची माणसे आज राहतात, तेथे त्याला काही स्फुरत नाही.

आपल्या साहित्यात याची एक बोलकी जोडी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. माणदेशातील धनगरांची ती वाडी अखेर दुष्काळात उठून जाते, आणि वाचकाच्या मनात त्या रिकाम्या वाडीची वेदना कायमची राहते. ती राहते, कारण लेखकाने आधी सगळी माणसे आपल्याला भेटविलेली असतात. कोण का गेले ते आपल्याला ठाऊक असते. याच लेखकाने पुढे गोंदियाच्या या रानात मुक्काम केला आणि ‘नागझिरा’ लिहिले. तेही उत्तम पुस्तक आहे. त्यात जंगलच नायक आहे आणि ते तसेच असावयास हवे होते. परंतु आजचे अनुकरण करणारे ‘नागझिऱ्या’तला एकान्त तेवढा उचलतात, आणि ‘बनगरवाडी’तली माणसांची मोजदाद विसरतात. मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण येथे स्मरणीय आहे. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला त्यांची वर्षे गेली. २०२५ साली ते आपल्यातून गेले, तोपर्यंत त्यांच्या लेखनाने मराठीला पक्ष्यांची, झाडांची आणि रानातल्या व्यवहारांची केवढी तरी शब्दसंपत्ती दिली होती. यातील कितीतरी ज्ञान त्यांनी तेथील माणसांकडून घेतले आणि तसे सांगितलेही. रानाने त्यांना प्रेरणा दिली हे खरेच. पण रान बोलले ते माणसांच्या तोंडून.

परदेशांतही हा प्रश्न नवा नाही. ऑलिव्हर गोल्डस्मिथची ओसाड गावावरील इंग्रजी कविता १७७० सालची. सामायिक जमिनींना कुंपणे घालून धनिकांनी खेडी रिकामी केली, त्या काळची ती आहे, आणि कवी ओसाडीचे कारण सांगण्यास कचरत नाही. त्याहून अधिक शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेचे आहे. १९३० नंतरच्या मंदीत डोरोथिआ लँग ही छायाचित्रकार आणि पॉल टेलर हा कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थशास्त्राचा प्राध्यापक यांनी मोटारीतून आडवाटा पालथ्या घातल्या आणि १९३९ साली देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवर एक पुस्तक सिद्ध केले. लँगचे १९३८ सालचे टेक्सासमधील एक चित्र आहे. दूरवर नांगरटीच्या सरळ रेषा, आणि त्यांच्या मधोमध एक रिकामे घर. पाहणारा त्या रेषांच्या सौंदर्यात रमला असता. परंतु चित्राखालच्या शीर्षकाचा आशय आहे ‘ट्रॅक्टरने हुसकलेले’. एवढ्यावर सारा अर्थ बदलतो. कुळांना काढून यंत्र आणणारा जमीनमालक त्या चित्रात कोठेही नाही, तरी तो दिसू लागतो. कलेचे काही बिघडले का? उलट ते चित्र आज जगभर ओळखले जाते.

याच्या उलट उदाहरण राजस्थानात जैसलमेरजवळच्या कुलधरा गावाचे. पालीवालांनी सोडलेल्या या गावाच्या दंतकथेत दिवाणाच्या जुलमाचा भाग आहे, पण प्रवाशाला विकला जातो तो शाप आणि भुताटकी. जुलमाची आठवण भुताच्या गोष्टीत विरून गेली, की जुलूम करणारा सुटतो. आपल्याकडच्या रिकाम्या गावांचे ‘भुताचे गाव’ म्हणून चित्रीकरण होऊ लागले, तर त्यांच्याही वाट्याला हेच येईल.

येथे एक आक्षेप संभवतो. कलावंताला हिशेबनीस करू पाहणारे तुम्ही कोण? त्याला एकान्तातून जे मिळेल ते त्याने घ्यावे. पक्षाच्या साप्ताहिकाने त्याला विषय आणि निष्कर्ष नेमून देऊ नयेत. या आक्षेपात तथ्य आहे. ठरावावरून कविता लिहिण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झाले आणि त्यांतून ठरावही टिकले नाहीत आणि कविताही. कोणी ढासळलेल्या भिंतीवरच्या शेवाळावर लिहिले, तर त्याला अडविण्याचे कारण नाही. आपले म्हणणे एवढेच आहे, की ती भिंत कोणाची होती हे विचारल्याने शेवाळाचा रंग उणा होत नाही. विचारणे हेही पाहण्याचेच अंग आहे. ज्याने विचारले नाही, त्याने अर्धेच पाहिले.

शिवाय प्रेरणा केवळ ओसाडीतच असते, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. दिवाळीनंतर याच जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार होते, रात्री नाटक होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत चालतो आणि धान विकून आलेल्या पैशावर हजारो माणसे रात्रभर नाटक पाहतात. माघी पौर्णिमेला दरेकसाजवळच्या कचारगडला लांबलांबच्या राज्यांतून गोंड बांधव येतात; ज्यांची गावे कागदावर विझली, त्यांच्या वंशजांना आपले मूळ त्या गुहेत ओळखता येते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटमधून परागंदा झालेल्यांची वसाहत आहे, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत. एकाच तालुक्यात कोणाची घरे उठली आणि कोणाची नव्याने वसली. एखाद्या कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? आणि तळ्यांच्या बाबतीतही सारेच काही संपलेले नाही. या भागातील ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी संघटित होऊन काही तळ्यांतील बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासळी परत आणली. देवरी तालुक्यातील काही ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवून तेंदूपानांचा व्यवहार आपल्या हाती घेतला. विझत चाललेला दिवा पुन्हा पेटतो कसा, हेही याच आडवाटांवर पाहायला मिळते.

आता कार्यकर्त्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या हक्कांचा कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या नियमांतील १३ वा नियम पुराव्यांविषयी आहे. दावा सिद्ध करण्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी त्यात दिली आहे. जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने, बांधबंदिस्ती, गावकऱ्यांनी बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, पवित्र झाडे, देवराया, तळी, आणि वडीलधाऱ्या माणसांची लिहून घेतलेली निवेदने. ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. आपला आडवाटेचा कलावंत ज्यांची छायाचित्रे काढतो त्याच या वस्तू आहेत. त्याच्या दृष्टीने जे करुण-रम्य भग्नावशेष, ते गोंड किंवा हलबा शेतकऱ्याच्या दृष्टीने जमिनीच्या दाव्याचे कागद आहेत. कायद्याचे कोणते कलम लागू पडते, एवढ्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही. परंतु १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क न मिळता बेकायदा उठविल्या गेलेल्यांनाही या कायद्यात हक्क दिला आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. या चार तालुक्यांतील आपल्या शाखांनी भात कापणीनंतरच्या महिन्यांत पायी फिरण्याचा कार्यक्रम आखावा आणि त्यात या तरुण कलावंतांना बोलवावे. बरोबर गावनकाशा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला असाव्यात. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक रिठीची एक नोंद करावी. तिचे नाव काय, शेवटचा दिवा केव्हा लागला, माणसे कोठे गेली, विहीर व देवस्थान कोठे आहे, तळ्याची अवस्था काय आहे. गेलेल्यांपैकी कोणी हयात असेल तर त्याचे निवेदन त्याच्याच बोलीत उतरून घ्यावे. चित्रकाराने चित्र काढावे, छायाचित्रकाराने छायाचित्र काढावे, आणि त्याची एक प्रत संबंधित ग्रामसभेच्या दप्तरात जमा करावी. कथा-कविता ज्याच्या त्याच्या. ग्रामसभेकडे जाणारी प्रत मात्र चुकता कामा नये.

एवढी एक शिस्त पाळली, तर कलावंताचे काही कमी होणार नाही आणि गावाला काही परत मिळेल. आजवर या मुलखातून धान गेले, तेंदू गेला, लाकूड गेले, बांधकामांवरची हाते गेली. त्यांच्या पाठोपाठ आता प्रेरणाही जाऊ लागली आहे. तिचा तरी मोबदला गावात राहावा, ही मागणी फार मोठी नाही.